आवाज येतोय

आमच्या गाडीकाकांना चालू गाडी बघवत नसे. बंद पडलेल्या गाडीशी त्यांचं छान जुळायचं. तिच्याखाली पाठ टेकून ते तासन् तास गुणगुणत पडलेले असायचे. पण तीच गाडी एकदाची सुरू झाली, घरातले सगळे खूश झाले, कोणी पेढे आणायला निघालं, की काकांची मान एका बाजूला कलायची, डोळे बारीक व्हायचे आणि हात वर करून ते सगळ्यांना गप्प करायचे. "आवाज येतोय." कसला आवाज, कुठून येतोय, हे आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. काकू दारातूनच म्हणायची, "मला नाही येत." तोवर काकांनी इंजिन बंद करून बॉनेट वर केलेलं असायचं. मग पुढचे कित्येक महिने ती गाडी शेडमध्ये पोट उघडं टाकून उभी.

गाडी अमेरिकन. लांबलचक, गडद हिरवी, पुढे चांदीसारख्या चकचकीत पट्ट्या आणि आत सोफ्यासारखी आसनं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं की लोक काकांबद्दल विचारायचं सोडून "विकायची आहे का" एवढंच विचारतात. माझे पणजोबा, म्हणजे काकांचे आजोबा, देवास संस्थानच्या थोरल्या-धाकट्या पात्यांपैकी एकीच्या मोटारखान्यात होते. संस्थानं गेली, मोटारखाना मोडला आणि ही गाडी आमच्या वाट्याला आली. काका देवासमधल्याच एका कारखान्यात नोकरीला होते, पण नोकरी ही त्यांना रविवार आणि रविवार यांच्यामधली अडचण वाटायची. मुलंबाळं नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या कॉलनीत, आमच्याच घराला लागून त्यांचं घर आणि घरापेक्षा मोठी पत्र्याची शेड.

माझ्या लग्नात वरात या गाडीतून निघणार, असं त्यांनी सहा महिने आधी जाहीर केलं. गाडी खरंच तयार झाली. झेंडूच्या माळा लावून मांडवाच्या दाराशी उभी राहिली. मी शालू सावरत पायरी उतरले, नवऱ्याने दार उघडलं, काकांनी इंजिन सुरू केलं आणि मला काचेतून त्यांची मान कलताना दिसली. मी नव्या नवरीला न शोभेल अशा आवाजात ओरडले, "काका, नाही!" पण ते खाली उतरले होते. कोट काढून त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पाचच मिनिटं हं, व्याहीबुवा." मी सासरी गेले ती केटररच्या व्हॅनमधून, मागे रिकाम्या पातेल्यांचा खणखणाट ऐकत. सासर गावातच होतं, म्हणून निभावलं. नवरा अजूनही तो प्रसंग चारचौघांत रंगवून सांगतो. मला मात्र अजून हसू येत नाही.

बरं, साधी दुरुस्ती करून मोकळं व्हावं, तर तेही नाही. प्रत्येक वस्तू अस्सल हवी. पेट्रोलचा पंप गेला तेव्हा गावातल्या मिस्त्रीने सांगितलं, "काकासाब, जीप का लगा दो, मक्खन चलेगी." काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मला म्हणाले, "आज जीपचा पंप लावा, उद्या जीपचं रेडिएटर लावा, परवा सरळ जीपच घ्या." मग त्या पंपातल्या एका रबरी पडद्यासाठी अमेरिकेहून पार्सल येईपर्यंत वाट बघायची. पार्सल आलं की त्यात नेमका दुसऱ्याच वर्षाच्या मॉडेलचा पडदा निघायचा. काका तो उजेडात धरून कौतुकाने बघायचे आणि म्हणायचे, "काय सुंदर काम आहे! आपल्याला लागणार नाही, पण काम बघ." आम्ही हात टेकले होते.

त्यातून हातात स्मार्टफोन आला आणि काकांना जगभरातले त्यांच्यासारखे लोक सापडले. जुन्या अमेरिकन गाड्यांचा एक ग्रुप होता. त्यात कोण कोल्हापूरचा, कोण कोलंबोचा, आणि एक म्हातारे गृहस्थ थेट अमेरिकेतले. काका इंजिनाजवळ फोन धरून आवाज टिपायचे आणि त्यांना पाठवायचे. "प्लीज लिसन केअरफुली," असं स्वतः आधी म्हणायचे, मग दोन मिनिटं नुसती घरघर. म्हातारेबुवांचं उत्तर यायचं की इंजिन उत्तम आहे, मला काही दोष ऐकू येत नाही. काका फोन खाली ठेवत आणि वाईट वाटल्यासारखं तोंड करत. "तिकडच्यांचेही कान गेले आता."

काकूच्या संसाराची तर त्यांनी दैना केली होती. बेअरिंग गार करून बसवलं की नीट बसतं, म्हणून फ्रीजरमध्ये बर्फाऐवजी बेअरिंग. कार्बोरेटर धुवायला पुरणाचं पातेलं. घरी आलेली लग्नपत्रिका काकूने वाचायच्या आत तिचा जाड पुठ्ठा कापून इंजिनाच्या सांध्यात घालायचं गॅस्केट झालेलं. "अहो, काय करून राहिलात? लग्न कोणाचं होतं ते तर बघू द्या!" असं काकू ओरडायची आणि काका शांतपणे म्हणायचे, "कागद चांगला होता, म्हणजे घराणं बरं असणार. आहेर पाठवून दे."

पण या सगळ्यापेक्षा मला संताप येई तो वेगळ्याच गोष्टीचा. काकू धारची. तिच्या लग्नात काकांकडची मंडळी बसने धारला गेली होती, कारण गाडीचं इंजिन तेव्हाही जमिनीवर होतं. नव्या नवरीची समजूत काढायला काका म्हणाले होते, "पहिल्या भाऊबीजेला तुला गाडीतून माहेरी नेतो." ही पहिली भाऊबीज कधी आलीच नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर गाडी सुरू व्हायची, दरवर्षी आवाज यायचा. आणि भाऊबीजेला काकू फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसने इंदूरला जायची, तिथे गंगवाल स्टँडवर धारची बस पकडायची. धारला तिचा एकुलता एक भाऊ, आम्ही सगळे त्यांना धारचे मामा म्हणतो. काकू कधी तक्रार करत नसे. पण बस यायची वेळ झाली की ती शेडकडे एकदा बघायची. ते बघणं मला दिसायचं, काकांना दिसत नसे. इंजिनाचा न येणारा आवाज ऐकणाऱ्या माणसाला घरातल्या बाईचं न बोलणं ऐकू येऊ नये, याचा मला भयंकर राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे. काका म्हणत, "अगं, तिलाच न्यायचंय म्हणून तर एवढं करतोय. वाटेत बंद पडली तर?"

एक सांगायला हवं, काकांची रीतिभातींवर फार श्रद्धा. गाडी मोटारखान्यातून आलेली म्हणून खंडेनवमी त्यांच्याकडे जोरात असायची. त्या दिवशी गाडी धुऊनपुसून उभी करायची, तिच्यापुढे पाट मांडायचा आणि पाटावर सगळी हत्यारं. ती अमेरिकन गाडीची, म्हणून इंची मापाची. तसे पाने गावात मिळत नाहीत. पणजोबांच्या हातचे, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. त्यांना गंध, फुलं, नैवेद्य. एकदा पूजेत बसलेलं हत्यार अक्षता टाकून पूजा हलवल्याशिवाय उचलायचं नाही, आणि पूजा हलवायचा मान घरच्या सुनेचा. दसऱ्याला सकाळी काकू गाडीवर आणि हत्यारांवर अक्षता टाकायची, मग गाडी चालू असलीच तर काका ती देवासच्या नाक्यापर्यंत नेऊन सीमोल्लंघन करून आणायचे. परत आले की बॉनेट वर.

गेल्या वर्षी दसऱ्याला गाडी अशी काही चालली, की नाक्यावरचे ट्रकवालेसुद्धा उठून बघायला लागले. काका घरी आले, उतरले, मान कलली. "आवाज येतोय." आणि ते पाटाकडे वळले, तर पाटावर पाने तसेच, फुलांखाली.

"पूजा हलवली नाहीस?"

"गाडीवर टाकल्या अक्षता," काकू म्हणाली. "हत्यारांच्या उद्या."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. तिसऱ्या दिवशी तिला शनिवार नको होता. मग म्हणाली, कोजागिरी होऊन जाऊ दे. मग वसुबारस आली, मग धनत्रयोदशी, आणि लक्ष्मीपूजनाला तर तिने त्याच हत्यारांची पुन्हा पूजा केली. रोज सकाळी ती पाटावर ताजी फुलं वाहायची, उदबत्ती लावायची आणि काकांकडे न बघता स्वयंपाकघरात जायची. तिने हे कोणाशी बोलून ठरवलं नव्हतं, मलासुद्धा सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा मी शेडमागे जाऊन पोटभर हसून घेतलं.

काकांची अवस्था बघवत नव्हती. पाटाभोवती घिरट्या घालायचे, हात मागे बांधून. इंदूरला सियागंजच्या बाजारात जाऊन इंची पाने शोधून आले, मिळाले नाहीत. एकदा हळूच म्हणाले, "निदान तो अर्ध्या इंचाचा तरी..." काकू म्हणाली, "देव्हाऱ्यातला एकच देव उचलून कोणी खिशात घालतं का?" हे वाक्य त्यांचंच होतं. तिने फक्त जपून ठेवलं होतं.

अशा रीतीने भाऊबीजेच्या सकाळी आम्ही खरोखर धारला निघालो. काका गाडी चालवायला, शेजारी काकू, तिच्या मांडीवर फराळाचा डबा. मला भाऊ नाही, त्यामुळे दिवस मोकळा होता. शिवाय काका बॉनेटला हात लावू लागले तर तो धरायला कोणीतरी हवंच होतं. काकू हिरवं नऊवारी नेसली होती. देवासचा नाका मागे गेला तेव्हा ती इतकी सरळ बसली, की मला मागून तिचा नुसता अंबाडा दिसत होता, ताठ.

इंदूर ओलांडल्यावर काका म्हणाले, "आवाज येतोय."

"मला नाही येत. चला."

बेटमा गेलं. "पुढून येतोय. घुरघुर."

"काका, ट्रक आहेत हो शेजारून!" मी म्हणाले.

घाटाबिल्लोद गेलं. काकांनी गाडी जरा हळू केली. "पाण्याचा पंप आहे," ते म्हणाले. त्यांनी आवाजाचं नाव सांगितलं, हे प्रथमच.

"मग पंपाला म्हणावं, धारला पोचल्यावर काय ते बोल," काकू म्हणाली.

दूर धारचा किल्ला दिसायला लागला आणि पुढून किंकाळीसारखा आवाज आला. हा मला आला, काकूलाही आला. पाठोपाठ वाफेचा लोट उठला. काकांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. पंप जागच्या जागी अडकला होता. "मी सांगत होतो," असं म्हणायचा त्यांचा पूर्ण हक्क होता. त्यांनी मात्र नुसता सवयीने हात मागे केला, "अर्ध्या इंचाचा दे," आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की तो देवासला पाटावर फुलांखाली आहे.

रस्त्यापलीकडचा एक ट्रकमिस्त्री धावत आला. "भिया, तेरा का लग जाएगा," म्हणत त्याने काका नको म्हणायच्या आत आपला तेरा नंबरचा पाना बोल्टवर चढवला. तो बसल्यासारखा वाटतो, इथेच सगळे फसतात. इंची बोल्टापेक्षा तो किंचित मोठा असतो. जोर लावल्याबरोबर पाना सटकला आणि बोल्टाचे कोपरे गेले. आता तो अस्सल पान्यानेही निघाला नसता. काकांच्या तोंडून असा हुंकार निघाला, की मिस्त्रीच बिचारा माफी मागायला लागला.

काकू खाली उतरली होती. उघड्या इंजिनाकडे बघत म्हणाली, "पूजा हलवायला हवी होती मी. तुम्हाला खरंच ऐकू येत होतं."

काकांनी रुमालाने हात पुसले, नसलेलं ग्रीस पुसतात तसे बराच वेळ. मग म्हणाले, "पूजा हलवली असतीस, तर आपण देवासच्या नाक्यापुढे आलोच नसतो."

मी इतकी वर्षं त्यांच्याशी भांडत होते ते हेच तर त्यांना सांगायला. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणजे मग आजवर काय करत होता हा माणूस! मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला, तेवढाच त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही, फराळाचा डबा सांभाळत उभी राहिले.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. मामांचं घर आता जवळच होतं. "भाभीजी, आप टेंपो में निकल लो, गाड़ी मैं खेंच दूँगा," तो म्हणाला. काकू परत आपल्या जागी जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. "मी उतरणार नाही. दोरीने का होईना, आज गाडीतूनच जाणार." असा तिचा माहेरप्रवेश झाला. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरीला बांधलेली हिरवी अमेरिकन गाडी, आत काकू महाराणीसारखी ताठ. गल्लीतली सगळी पोरं मागून धावत होती. मामी भाकरतुकडा घेऊन दारात आल्या. काकूवरून ओवाळून टाकला आणि मामा म्हणाले, "गाडीवरूनही टाका, तीही पहिल्यांदाच आलीय." काका स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले होते. मी खिडकीशी गेले तर म्हणाले, "आता नाही येत आवाज."

गाडी मामांच्या अंगणातच राहिली. झिजलेला बोल्ट काढायचा, अमेरिकेतून पंप मागवायचा, त्याला काही महिने लागणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, सरळ ट्रकवर चढवून देवासला आणू. काका म्हणाले, हलवली तर आणखी बिघडेल. घरी परतताच काकूने पूजा हलवली आणि मग ते दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन बसने धारला जायला लागले, गंगवालला गाडी बदलून. अगदी काकूच्याच वाटेने, आणि एकट्याने जायचं तर जेवणाचं काय, म्हणून काकू बरोबर. ती ओसरीवर मामांशी गप्पा मारत, लहानपणीची भांडणं उकरून काढत मटार सोलायची आणि अंगणात काका गाडीखाली गुणगुणत असायचे. पंप आला, बसला, पण मग काकांना आणखी आवाज आले. रेडिएटर उतरलं, पुढे हेडही, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. हेड उतरायच्या आधी मी दर वेळी ओरडायचे, "अहो काका, चाललीय तर आणा ना घरी!" एवढी वर्षं बसच्या वेळी शेडकडे बघणारी काकू आता अंगणातल्या उघड्या गाडीकडे बघतही नव्हती. त्याचं मला नवल वाटायचं आणि चिडही यायची.

फाल्गुनात एका सकाळी काका गेले. चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. इंजिनाचं हेड तेव्हा मामांच्या ओसरीवर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं होतं. दिवस-कार्य झालं, लोक भेटून गेले, सगळे म्हणाले की शांतपणे गेले, पुण्यवान माणूस. मला मात्र रडूही नीट येईना, इतका राग साचला होता. असं मधेच उघडं टाकून कोणी जातं का?

यंदा खंडेनवमीला काकूने पाट मांडला, हत्यारांची पूजा केली. वाटलं, आता ही कधीच हलवणार नाही. पण दसऱ्याला सकाळी तिने मला हाक मारली, माझ्यासमोर पान्यांवर अक्षता टाकल्या आणि पिशवी भरून माझ्या हातात दिली. "घे. हलवली पूजा."

मग रविवारी मी आणि काकू बसने धारला गेलो आणि पुढच्या रविवारीही. ग्रुपवरचे अमेरिकेतले म्हातारेबुवा मला फोनवर एकेक बोल्ट समजावून सांगत होते. तो झिजलेल्या बोल्टवाला ट्रकमिस्त्रीही येऊन मदत करून गेला, आपला तेरा नंबरचा पाना मुद्दाम दुकानात ठेवून. भाऊबीजेच्या आधीच्या रविवारी मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काय चालत होती! मामांनी बॉनेटवर ठेवलेली चहाची कपबशीसुद्धा हलत नव्हती. मामी टाळ्या वाजवायला लागल्या. माझे डोळे भरून आले होते, तरी मी ऐटीत दार उघडलं.

"चल काकू, बस. घरी जाऊ. भाऊबीजेला परत येऊ हिच्यातूनच."

काकू गाडीपुढे उभी होती. तिने पदर कानामागे सारला. मान हळूच एका बाजूला कलली, डोळे बारीक झाले, आणि तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आवाज येतोय गं."

मी कान देऊन ऐकलं. मला काही आला नाही. मामांकडे पाहिलं. ते क्षणभर बहिणीकडे बघत राहिले, मग घरात तोंड करून म्हणाले, "ऐकलं का, पुढच्या रविवारी भरीत करा. हिला आवडतं."

मी इंजिन बंद केलं, बॉनेट वर केलं आणि पिशवीतून अर्ध्या इंचाचा पाना काढला.